शर्ट नसलेला आहेर

मांडवगण फराट्यात लग्न कुणाच्याही घरचं असो, माईक हौसरावांच्या हातात. गेली तीस वर्षं हा रिवाज होता आणि तो कुणी पाडला हे आता हौसरावांनाही आठवत नव्हतं. कोणत्या पाहुण्याला फेटा, कोणाला नुसती टोपी, कोणता आहेर कोणाकडून, कोणाचं नाव आधी पुकारायचं आणि कोणाचं राहिलं तर तो जेवणाआधी मोटारसायकलला किक मारेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. अंगात सदा पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा. काही माणसांना दुधातलं पाणी नुसत्या नजरेला कळतं, तशी हौसरावांना मानपानातली खोट कळायची. खोट कळली की ते गप्प बसत नसत, आणि माईक तर हातातच असे.

सहा वर्षांपूर्वी म्हस्कूच्या पोरीचं, शितलचं लग्न होतं. म्हस्कू म्हणजे शेजारच्या मळ्यातला, हौसरावांच्याच वयाचा. नवऱ्या मुलाच्या मामाला पोशाख दिला त्यात शर्टपीस होता, टॉवेल होता, टोपी नव्हती. घाईत घरी राहिली होती. मामाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पण हौसरावांनी माईकवरून शांतपणे सांगितलं, "टोपी न्हाई म्हंजी पोशाख न्हाई. अर्धा आहेर घेणं म्हंजी अपमान घेणं." मग मामाच्या लक्षात आलं आणि तो खुर्चीवरून उठला. टोपी आणायला गाडी शिरूरला पळाली. दोन तास वऱ्हाड ताटकळलं, जिलेबी मऊ पडली. म्हस्कू त्या दिवशी काही बोलला नाही. नंतरही बोलला नाही. हौसराव दिसले की तो फक्त स्वतःची टोपी जरा नीट करायचा.

आता हौसरावांच्या स्वतःच्या घरी लग्न निघालं होतं. त्यांचा मुलगा सत्यजीत पाच वर्षं जर्मनीत, म्युनिकला. तिथल्याच लेनाशी त्यानं जमवलं. हौसराव चार महिने त्याच्याशी फोनवर बोलले ते फक्त पावसापाण्याचं. मग दिवाळीला पोरगा आला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि हौसरावांनी ट्रंकेतून आहेर काढून त्याच्या बॅगेत ठेवला: शर्टपीस, टॉवेल, टोपी. "व्याह्यांना दे," म्हणाले. होकार द्यायची त्यांची हीच रीत होती.

व्याही म्हणजे लेनाचे वडील, योसेफ. आयुष्यभर रेल्वेत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. हिंदुस्थानात उतरल्यावर आधी रेल्वेनं दक्षिण बघायची आणि बंगळुरूकडून येणाऱ्या गाडीनं दौंडला उतरायचं, असा त्यांचा बेत. सत्यजीत आणि लेना बरोबर. दौंड स्टेशनावर व्याहीभेट, तिथून वऱ्हाड मांडवगणला. सत्यजीतचा फोन आला, "आप्पा, त्यांनी तुमच्यासाठी तिकडचा मानाचा पोशाख कुरिअर केलाय. त्यांच्या मुलखात, बव्हेरियात, लग्नाकार्याला घालतात. गाडीतून उतरताना तो तुमच्या अंगात दिसला ना, तर म्हातारा खूश होईल."

हौसरावांनी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर जाहीर करून टाकलं. परदेशी व्याही असून रीत पाळतोय, पुरा पोशाख धाडलाय, आपण तो घालून दौंडला उभे राहणार. म्हस्कू ऐकत होता. त्यानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "मग यावंच लागंल बघाया."

चौथ्या दिवशी खोकं आलं. हौसरावांनी दार लोटून ते बायकोसमोर, चांगुणाबाईंसमोर उघडलं. आत कातड्याची चड्डी होती. तपकिरी, गुडघ्याच्या वर संपणारी, पुढे हिरव्या दोऱ्यानं पानं-फुलं काढलेली. तिला खांद्यावरून घ्यायचे कातड्याचेच गॅलिस. लोकरीचे लांब मोजे. पीस खोवलेली टोपी. हौसरावांनी खोकं उलटं केलं, कागद झटकले, तळावर हात फिरवला.

शर्ट नव्हता.

टोपी असून शर्ट नसावा हे त्यांना फार लागलं. टोपी तरी घाईत राहते. शर्ट विसरायला माणसानं ठरवावं लागतं.

"पोराला इचारा की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"काय इचारू? शर्ट का न्हाई धाडला? मागून घेतल्याला मान म्हंजी उसनं मीठ."

सगळा पेच इथेच होता. स्वतःच्या नियमानं जायचं तर हा अर्धा आहेर, म्हणजे अपमान, म्हणजे परत. परत केला तर सत्यजीत गेला. मग तो पुढच्या दिवाळीला आईच्या मांडीवर यायचा नाही. आणि तसाच घेतला, तर तीस वर्षं माईकवरून जे जे बोलले ते सगळं गावानं त्यांच्याच तोंडात घालायचं. म्हस्कू तर वाटच बघत होता. रात्रभर कूस बदलून सकाळी हौसरावांना तिसरी वाट दिसली. शर्ट आपणच शिवायचा, तिकडच्यासारखा, आणि तो खोक्यातूनच आला असं समजू द्यायचं. गावात बव्हेरिया कुणी पाहिलाय?

म्हणून व्याहीभेटीच्या नऊ दिवस आधी ते शिरूरला महबूब मास्तरांच्या दुकानात गेले. हौसरावांचे नेहरू शर्ट वीस वर्षं मास्तरच शिवत. त्यांच्या मापाचा कागद मास्तरांनी कधी काढला नव्हता. चालत येताना बघूनच कळायचं, यंदा कंबर किती वाढली. हौसरावांनी पिशवीतून चड्डी काढून टेबलावर ठेवली आणि खोकं, ओटा, म्हस्कू, सगळं सांगितलं. मास्तरांनी चड्डी हातात घेतली, शिवण उलटी करून पाहिली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"आप्पा, हे हातानं शिवलंय," ते म्हणाले. "असं काम धाडणारा माणूस अपमान करायला धाडत न्हाई."

"मग शर्ट?"

मास्तरांनी मोबाईलवर तिकडच्या जत्रेतले फोटो शोधून काढले. सगळे गडी चौकड्यांच्या शर्टात. कुणाला कॉलर, कुणाला नुसती पट्टी. बटणं छातीपर्यंतच, खाली शर्ट सलग.

"हे तर आपलंच. नेहरू शर्टालाच तिकडं चौकडे फुटल्यात," मास्तर म्हणाले.

पांढरा शिवायची सोय नव्हती. पांढरा शर्ट हौसरावांचाच, हे म्हस्कूनं एक मैलावरून ओळखलं असतं. मास्तरांनी ठाण काढायला सुरुवात केली. तांबडा मोठा चौकडा छातीशी धरला तर हौसराव हायवेवरच्या हॉटेलातल्या टेबलासारखे दिसले. निळा चौकडा झेडपीच्या शाळेचा निघाला. वरून दप्तर दिलं असतं की झालं. जांभळा होता, पण हौसरावांनी हात लावायच्या आतच मास्तरांनी तो घडी घालून ठेवला.

"खरं तर हिरवा पायजे," मास्तर म्हणाले. "बारीक चौकडा, मधून हळदीसारखी पिवळी रेघ. असलं कापड होतं माझ्याकडं. म्हस्कूशेठनी शितलच्या लग्नाला दहा पीस नेलं. सहा वर्षं झाली, त्यातला एक तरी शिवायला आला का माझ्याकडं?"

हौसराव खाली बघू लागले. त्या दहातला एक त्यांना मिळाला होता. ते फक्त पांढरं घालत, म्हणून तो ट्रंकेत पडला होता, आणि दिवाळीला तोच सत्यजीतच्या बॅगेत गेला होता. यात त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं. आहेराचा शर्टपीस या तालुक्यात शिवत नाहीत. तो या लग्नातून त्या लग्नात फिरतो आणि घडीवरच म्हातारा होतो. तरी पण म्हस्कूचा पीस आपण जर्मनीला धाडला, हे मास्तरांपुढेही बोलवेना.

शेवटी मळकट तांबड्या बारीक चौकड्यावर मन बसलं. मास्तरांनी जुन्या कोटाची शिंगाची बटणं शोधून ठेवली. चार दिवसांनी कच्ची शिवण बघायला हौसराव परत गेले आणि पडद्याआड शर्ट, चड्डी, गॅलिस चढवून उभे राहिले. एवढ्यात बाहेर चप्पल वाजली.

"मास्तर, माझी पँट झाली का?"

आवाज म्हस्कूचा होता.

हौसरावांनी श्वास धरला. मग त्यांनी खाली पाहिलं आणि धरलेला श्वास तिथेच राहिला. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. त्याखाली त्यांच्या दोन उघड्या पोटऱ्या आणि मोटेच्या दोरानं लहानपणी झालेला डाव्या नडगीवरचा लांब व्रण दुकानभर दिसत होता. पाय वर घ्यावेत तर जायचे कुठे?

"आत कोण हाय?"

"गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले आणि मशीन जोरात चालू केलं. त्याखाली कापड नव्हतं.

म्हस्कूनं पँट घेतली, पिशवीत घातली आणि पुन्हा काढून पाहिली. निघता निघता तो पडद्यापाशी जरासा थांबला. मग चपलेचा आवाज दूर गेला. हौसराव घामानं भिजून बाहेर आले तेव्हा मास्तर म्हणाले, आता कच्ची शिवण राहू द्या, सरळ पक्कीच मारतो. शिलाई विचारली तर त्यांनी हात जोडले. "घरातल्या लग्नाला शिलाई असती का, आप्पा? माझ्याकडनं समजा."

दौंडला गाडी सकाळची, आणि ती पाऊण तास लेट होती. प्लॅटफॉर्मवर मांडवगणची पंधरा-वीस माणसं, हलगीवाले, फेटे बांधणारा, आणि मधोमध कातडी चड्डीतले हौसराव. मळा सोडून चारचौघांत त्यांचे गुडघे पहिल्यांदाच बाहेर पडले होते. हमाल वळून बघत होते. एका बाईनं डब्याच्या खिडकीतून लेकराला त्यांच्याकडे बोट करून दाखवलं आणि लेकरू रडायचं थांबलं. चांगुणाबाई दोन पावलं मागे, पदर तोंडाशी धरून. त्या हसत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, कळायला मार्ग नव्हता.

म्हस्कू आला. सावकाश हौसरावांभोवती एक फेरी मारली. गॅलिस बघितले, मोजे बघितले, टोपीतलं पीस बघितलं. मग समोर येऊन उभा राहिला आणि लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "ब्येस. चड्डी आली, टोपी आली. शर्टबी त्यांनीच धाडला का हो, हौसराव?"

हलगीवाल्याचा हात थांबला. लाऊडस्पीकरवरची बाई गाडी येत असल्याचं तीन भाषांत सांगू लागली.

एक 'व्हय' म्हणायचं होतं. नऊ दिवस त्या एका शब्दासाठीच धडपड केली होती. हौसरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की माईकवरून आयुष्यात ते खूप काही बोलले, माणसं उठवली, माणसं बसवली, पण खोटं नाव कधी पुकारलं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "शर्ट आलाच न्हाई. आहेर अर्धा होता. मी त्यो घेतला, आन् शर्ट शिरूरला शिवला."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या टोपीचं मी जे केलं ते करायला नको होतं, म्हस्कू."

म्हस्कूनं टोपीकडे नेलेला हात खाली घेतला. "शर्ट शिवला ते ठावं हाय मला," तो म्हणाला. "पडद्याखाली नडगी दिसली तवाच वळाखली. तुम्ही व्हय म्हणायची वाट बघत हुतो. व्हय म्हणला असता ना, तर आज हितं..." पण काय केलं असतं ते त्याला सांगता आलं नाही, कारण गाडी आली.

चौथ्या डब्यातून आधी सत्यजीत उतरला, मग लेना, मग कपाळावर कुंकवाचं मोठं बोट ओढलेली तिची आई, आणि मागून एक उंच, तांबूस गोरा म्हातारा. तशीच कातडी चड्डी, तसेच मोजे. आणि अंगात हिरव्या बारीक चौकड्यांचा शर्ट, मधून हळदीसारखी पिवळी रेघ.

हौसरावांनी म्हस्कूकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. म्हस्कूनं 'आँ' केलेलं ऐकू आलं होतं. टोपीचं आत्ताच फिटलं होतं, आणि आता हे.

योसेफ दोन्ही हात पसरून आले. हौसरावांच्या तांबड्या शर्टावरून बोट फिरवलं, स्वतःच्या हिरव्या शर्टावर थाप मारली आणि भराभर काहीतरी बोलले. सत्यजीत सांगू लागला, "आप्पा, ते म्हणतात, तुम्ही न शिवलेलं कापड धाडलंत, त्यावरून ते समजले की आपल्याकडे शर्ट ज्यानं त्यानं आपल्या घरी शिवायचा असतो. शिवलेला पाठवून तुमचा मान मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी शर्टाला हात लावला नाही. हा लेनाच्या आईनं शिवलाय. तीन वेळा उसवून."

तेवढ्यात म्हस्कू पुढे झाला. त्यानं योसेफांचं मनगट धरलं, बाहीची पट्टी बोटांत घेऊन शिवण चाचपली, कापड उन्हाकडे करून पाहिलं. योसेफांनी हात निमूटपणे देऊन ठेवला. नाडी बघतात अशी त्यांची समजूत झाली असावी.

"दहा वाटलं हुतं मी," म्हस्कू म्हणाला. "एकाला तरी अंग मिळालं." आणि हौसरावांकडे न बघता त्यानं हलगीवाल्याला हात केला. "वाजीव की. व्याहीभेट व्हायची हाय अजून."

व्याही भेटले. दोन म्हातारे, चार उघडे गुडघे. फेटेवाल्यानं पिसाची टोपी काढून योसेफांना फेटा बांधला. लेनाची आई मधूनच हौसरावांच्या शर्टाच्या बटणपट्टीशी वाकली, शिवण बघितली आणि लेनाला काहीतरी विचारलं. लेना शिकून आलेल्या मराठीत म्हणाली, "आई विचारते, कोणी शिवला?"

हौसरावांनी गॅलिस सरळ केले. घसा साफ केला. माईक नव्हता, पण दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसांनीही माना वळवल्या.

"शर्ट," ते म्हणाले, "शिरूरचे महबूब मास्तर यांच्याकडून."