नसीमाने थांबवलेला सामना

नसीमा शेख गेल्याचं मला नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. जोडलेल्या हातांची रांग लागली होती... आणि त्यात आमच्या संघटनेच्या सचिवांचा मजकूर : ‘शिस्तीचा आधारवड हरपला.’ मी फोन पालथा ठेवला. त्या वडावर कुऱ्हाड याच गृहस्थांनी चालवली होती.

कॉलेजात असताना आम्ही दोघी एकाच रेंजवर पिस्तूल चालवायला शिकलो. पुढे मी स्पर्धा सोडल्या, ती पंच झाली. कॅम्पातल्या घरी पाहुण्यांना “अजून एक घ्या ना” म्हणणारा तिचा तोच मऊ आवाज रेंजवर सांगायचा, “नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर.”

वाघोलीजवळच्या एका सामन्यात मी प्रेक्षकांत होते. एका बिल्डरचे चिरंजीव फोटोसाठी पिस्तूल हातात घेऊनच मागे वळले. नळी थेट आमच्याकडे. नसीमाने गोळीबार थांबवला.

“समोर वळा. पिस्तूल टेबलावर.”

“अहो मॅडम, एम्प्टी आहे!” तो हसत म्हणाला.

तिने पिस्तूल उघडलं. आतलं जिवंत काडतूस टेबलावर पडलं... तिने त्याला तिथेच बाद केलं.

सचिव धावत आले. “आपण जरा समजून घ्या. मंडप यांच्या वडिलांनी दिलाय.”

“आणि मंडपात बसलेली माणसं?” तिने विचारलं.

दुपारी निर्णय फिरवला गेला. चिरंजीव पुन्हा उभे राहिले, पदकही घेऊन गेले. नसीमाला मात्र त्यानंतर कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. कारण काय, तर वागणं उद्धट. भरलेलं पिस्तूल माणसांवर रोखणारा हौशी, आणि ते खाली ठेवायला लावणारी उद्धट! स्पर्धांचे दिवस आले की ती फोनची वाट बघायची. मग कर्करोगाने गाठलं, आणि वाट बघणंही संपलं.

शोकसभेत सचिव तिच्या शिस्तीवर भरभरून बोलले. मी उठून त्या सामन्याचं सांगायला लागले, तर त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. “ताई, ही वेळ नव्हे.” मग कुठली? ती जिवंत होती तेव्हाही नव्हतीच.

परवा तिचं परवान्याचं पिस्तूल पोलिसांत जमा करायचं होतं, म्हणून तिच्या यजमानांकडे, रफीकभाईंकडे गेले. हा माणूस आयुष्यात रेंजकडे फिरकलेला नाही. मी पिस्तूल उघडून पाहिलं, रिकामं होतं; त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नळी भिंतीकडे वळवली आणि सावकाश ते पुन्हा उघडून आत पाहिलं.

“रफीकभाई, मी आत्ताच बघितलं.”

“तुम्ही बघितलंत,” ते म्हणाले. “मी कुठे बघितलं होतं?”

आवाज त्यांचा होता. बोलली नसीमाच.