कुठलं पित्त?

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्या दवाखान्यात मात्र उलटंच झालं. सर्दी झाली, दे पेनिसिलिनची सुई. पाय मुरगळला, दे सुई. मी साधा कंपाउंडर, पण गावकरी मला डाक्टर म्हणत आणि ते मला फार आवडे.

एके सकाळी मोशीची एक शेतकरीण आली. विळ्यानं हात कापला होता आणि चार दिवस ती नुसती हळद दाबून बसली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला, अंगात फणफणता ताप. विष रक्तात भिनलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेनिसिलिन सांगितलं. पूर्वी कधी त्रास झाला होता का ते विचारून मगच दे, असं बजावून ते आतल्या रोग्याकडे गेले.

मी विचारलं. कण्हत ती म्हणाली, "मागल्या हिवाळ्यात सर्दीला तुमीच दिली व्हती की सुई. तवा पित्त झालं व्हतं मला."

पित्त म्हणजे आंबट ढेकर, असं मी धरून चाललो. पोटातलं की अंगावर उठलेलं, एवढं विचारायला माझं काय जात होतं? पण बाहेर रांग होती आणि मी डाक्टर होतो. उपाशीपोटी घेतली असशील म्हणून तिलाच दटावलं, कपभर दूध पाजलं आणि सुई टोचली.

सिरिंज खाली ठेवतो तोच तिच्या गळ्यावर गांधी उठल्या. ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर धावत आले, त्यांनी अ‍ॅड्रिनलिन दिलं म्हणून ती वाचली. तिला विचारलं होतंस का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "हो. काही नाही म्हणाली."

पुढे सल्फाच्या गोळ्यांवर हळूहळू तिचा ताप उतरला. तिच्या कागदावर डॉक्टरांनी लाल शाईनं 'पेनिसिलिन देऊ नये' असं लिहिलं आणि आधी का सांगितलं नाहीस म्हणून तिला रागावले. मी तिच्या हाताला पट्टी बांधत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं, डाक्टर," ती म्हणाली.

मी पट्टीची गाठ मारली. त्यानंतर कुणी मला डाक्टर म्हटलं की शरमेनं मान खाली जाई. पण म्हणू नका, असं मी कुणालाच सांगितलं नाही.