पाठकोरी कार्डं

दादाराव काका अमेरिकेत हर्नडनजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदींची कार्डं टाइप करत. नागपूरला त्यांची आई शाळेत झाडलोट करायची आणि घरी येताना पाठकोरे कागद पदरात बांधून आणायची. त्या कागदांवर लिहून ते एम. ए. झाले. एका बाजूनं कोरा कागद त्यांना कधी टाकवला नाही.

लायब्ररीच्या तळघरात, जुन्या पुस्तकांच्या एका संग्रहात, त्यांना लेंक भेटला. अठराव्या शतकातला जर्मन पाद्री. धर्मशास्त्र शिकवायचा, राजाचं ग्रंथालय सांभाळायचा, आणि रविवार उरकला की रानात शेवाळ गोळा करत हिंडायचा. शेवाळाच्या नोंदी जुन्या प्रवचनांच्या मागं लिहायचा. चर्चनं प्रवचनं जपली, म्हणून नोंदी राहिल्या.

"आपल्यातलाच आहे बघ," काका मला म्हणाले होते, "देवाचं तेवढं सोडलं तर."

त्याच्यासाठी ते कोश घेऊन जर्मन शिकले. त्याचं चरित्र मराठीत लिहू लागले. चौदा वर्षं, जेवणाच्या सुट्टीत, लेंकच्या संग्रहातल्या पुस्तकांच्या सहाशे कार्डांमागं, बारीक पेन्सिलीनं.

"एक वही घ्या की हो," पद्मिनी काकू म्हणायच्या.

"वही हरवते. कार्ड कुठं जातंय? लायब्ररीत आहे."

शहाऐंशी साली त्यांची आई गेली. काका महिनाभर नागपूरला होते. त्याच महिन्यात सगळी कार्डं कॉम्प्युटरवर उतरवली गेली. पुढची बाजू अगदी काळजीपूर्वक. मागचं कुणाला वाचता आलं नाही.

ते परतले तेव्हा जुनी कार्डं काउंटरवर होती, वाचकांना पुस्तकांचे नंबर टिपून न्यायला, चिठ्ठ्या म्हणून. चौथं खोकं संपत आलं होतं.

"बघ, तुझ्यासारखंच केलं," सोबत काम करणारी डोरोथी हसत म्हणाली. "एक कागद वाया घालवला नाही."

काकांनी मान हलवली. खोक्याच्या तळाची तीस कार्डं त्यांनी मागून घेतली. एकतिसावं वाचनकक्षातल्या टेबलावर सापडलं. त्यावर कुणीतरी निळ्या शाईनं फोन नंबर लिहिला होता.

"यांच्याकडं आणखी असतील का गं?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

काकूंनी फोन त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "लावून बघा."

काकांनी नंबर फिरवला. पलीकडून एक बाई हॅलो म्हणाली. पुन्हा म्हणाली. आकड्यांखाली लेंकच्या शेवटच्या आजारपणाची ओळ होती. काका ती वाचत उभे राहिले. बाईनं फोन ठेवला, तरी रिसीव्हर त्यांच्या कानाशीच होता. काकूंनी तो हलकेच काढून घेतला.