भाकरीच्या तालावरचं इंग्रजी गाणं

माझ्या मुलीचा साखरपुडा मोडता मोडता राहिला, त्याला कारण ज्वारीची भाकरी.

मी आणि माझी धाकटी जाऊ सुरेखा सोलापुरात घरीच कडक भाकऱ्या करून विकतो. कडक भाकरी पातळ हवी, त्यामुळे हाताला ताल लागतो. अभंग लावले की भाकरी जाड होते. लावणी लावली की काठ फाटतात. (हे आम्ही पीठ वाया घालवून शिकलो आहोत!)

मग प्राजूच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या जुन्या मोबाईलमध्ये इंग्रजी गाणी सापडली. त्यांतलं एक एका बाईचं होतं. आमच्याच वयाची असावी. आवाज जरा बसलेला, पण हटत नव्हती. आधी हळू, मग चढत चढत जायची. भाकरी अशी सुरेख फिरायची!

"अक्का, काय म्हणती ओ ही?" सुरेखाने विचारलं.

"आई हाय ती," मी ठणकावून सांगितलं. "लेक सासरला निघाली, म्हणून रडती."

"तुमाला इंग्रजी येतंय व्हय?"

"आवाजावरनं कळतंय की!"

प्राजूचं लग्न ठरत होतं, त्यामुळे मला तरी तेच कळत होतं. दोन महिने मी त्या गाण्यावर रोज रडले. पिठाच्या हाताने डोळे पुसून पुसून चेहरा पांढरा व्हायचा. शेवटी ठरवलं, साखरपुड्यात ओटी भरताना हेच गाणं लावायचं. प्राजूला आधी सांगितलं नाही. तिला रडवायचं होतं ना!

मुलाकडचे वैरागचे. विहीणबाई निवृत्त शिक्षिका, फार कडक. त्यांच्यासमोर आपलं घर अडाणी दिसू नये, याची मला धास्ती होती. इंग्रजी गाण्याने वजन पडेल, असा माझा हिशोब. त्या शाळेत कुठला विषय शिकवायच्या, हे मात्र विचारायचं राहिलं.

प्राजू पाटावर बसली. विहीणबाईंनी नारळ उचलला. मी खूण केली आणि सुरेखाने गाणं लावलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझे डोळे भरून आले. प्राजू मात्र लालबुंद झाली. विहीणबाईंचा नारळ हवेतच थांबला.

"हे गाणं कुणी निवडलं?"

"मीच!" मी पदराने डोळे टिपले. "माझ्या मनातलंच हाय सगळं."

"तुमच्या मनातलं?" त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ही बाई नवऱ्याला सांगतेय, तुझी बॅग बाहेर ठेवलीय, दाराचं कुलूप बदललंय, आता परत येऊ नकोस."

पाहुण्यांच्या डोलणाऱ्या माना थांबल्या. लेकीचं लग्न मी माझ्या हाताने मोडलं होतं.

तेवढ्यात आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, "कुलूप कधी बदललंस गं?"

सुरेखा मोबाईल बंद करायला धावली.

"थांबा!" विहीणबाई म्हणाल्या. "शेवटचं कडवं राहिलंय. तेच तर खरं चांगलं आहे." आणि त्यांनी नारळ प्राजूच्या ओटीत घातला. "मी रोज सकाळी ऐकते हे. घरी कुणाला अर्थ कळत नाही, म्हणून मोठ्याने लावते."

व्याही खुर्चीत ताठ बसले.

साखरपुडा झाला. आता विहीणबाई मला फोनवर नवी गाणी सुचवतात, अर्थासकट. आमच्या ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दाराची जादा चावी करून घेतली आणि कमरेच्या करगोट्याला बांधली. मी लई हसले.

मागच्या आठवड्यात माझी चावी हरवली. आमचे हे घरी येईपर्यंत दोन तास मी पायरीवर बसून होते, मोबाईलवर तेच गाणं ऐकत!