पांदण कोणाच्या बापाची नाही

आमच्या जिल्ह्यात रुंद रस्ते झाले आणि सायकलवाल्याच्या वाट्याला पांढऱ्या पट्टीबाहेरचा वीतभर तुकडा आला. त्यावर वाळू, फुटक्या बाटल्या आणि उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर. हा विकास कोणासाठी, असं विचारणारं पत्रक मी काढलं होतं. मी बऱ्याच गोष्टींवर पत्रकं काढते. उद्गारचिन्हाचे पैसे वेगळे लागले असते तर गावांच्या हक्कांसाठी भांडणारी आमची छोटी संघटना केव्हाच बसली असती.

पण त्या रस्त्यांचा एक उपकार मानते. एकदा त्यांच्यावर चिडूनच मी देवळीबाहेर डांबर सोडलं आणि सायकल पांदणीत घातली. पांदण म्हणजे शेतांकडे जाणारी जुनी, सगळ्यांची गाडीवाट. चाकोरीत मुरूम, मधे गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी. जमीन हळूच चढते, हळूच उतरते. दम लागायच्या आत उतार येतो. एका टेकाडावरून तूर दिसते, दुसऱ्यावरून कापूस, आणि तासभर माणूस भेटत नाही. मी त्या दिवशी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. शहरात अशा वाटांसाठी वेगळी ग्रॅव्हल बाईक मिळते म्हणे. माझी जुनीच आहे, फक्त टायर जाड टाकलेत. पांदणीला काही फरक कळत नाही.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. आत्याचं पुलगावात कापडाचं दुकान आहे. ती मूळची रोहण्याची. ते आमचं गाव, काका अजून तिथंच शेती करतो. वडिलांना देवळीत नोकरी लागली म्हणून मी देवळीत वाढले. आत्या लहानपणी रोहण्यात दांड्याखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकली. मग लग्न झालं आणि सायकल सुटली. तेव्हापासून माहेरी जाताना ती एकतर एस्टीत, नाहीतर कोणाच्यातरी गाडीवर मागं.

"मले एकदा माह्या पायानं रोहण्याले जायचं हाय," ती कापड मोजता मोजता म्हणाली. "डॉक्टरनं गुडघ्याचं आपरेशन सांगून ठेवलं. या हिवाळ्यात झालं तर झालं. पण ट्रकाच्या रस्त्यानं मी येत नाई. तुह्या त्या पांदणी-पांदणीनं रस्ता काढून दे."

मी काढून दिला. मोबाईलवर उपग्रहानं वरून टिपलेल्या नकाशात पुलगावपासून रोहण्यापर्यंत वाटेला वाट जोडली. मग आधी एकटी जाऊन पाहून आले. रोहण्याच्या अलीकडे, हरभऱ्याच्या एका शेताजवळ, नकाशात छान सरळ पिवळी रेघ होती. प्रत्यक्षात तिच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांचा ढीग.

माझं डोकंच सणकलं. सगळ्यांची वाट अशी दिवसाढवळ्या अडवायची? त्याच रात्री लिहिलं, दुसऱ्या दिवशी छापलं, तिसऱ्या दिवशी रोहण्याच्या चहाच्या टपरीवर आणि किराणा दुकानात वाटलं. मथळा: पांदण कोणाच्या बापाची नाही! खाली: काटे टाकणाऱ्या धनदांडग्यांनो, जागे व्हा! पत्रक वाटलं की प्रश्न सुटतो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी पुलगावहून निघालो. आत्यानं साडीऐवजी सलवार-कमीज घातला होता, पायात पोरीचे बूट, आणि हँडलला काकासाठी बालुशाहीचा डबा. पहिल्या उतारावर ती ब्रेक लावायचं विसरली. किंचाळत खाली गेली आणि खाली पोचल्यावर म्हणाली, "पुन्हा वर जाऊ का वं? हे मजेदार हाय." एका चढावर उतरून चालली, दुसऱ्यावर नाही उतरली. एक गुराखी तिच्याकडे पाहत राहिला, तर म्हणते, "काय पाह्यतं? बाई नाई पाह्यली का कधी?" तो लाजून म्हशीमागं लपला.

मग तो हरभरा आला. काटे जागच्या जागी होते. उलट थोडे वाढलेच होते.

"पोट्टे, तू मले कुठी घेऊन आली?" आत्या उतरून म्हणाली.

"हीच ती पांदण. अडवलीये. पत्रक नाही का काढलं मी!"

आत्यानं काट्यांकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बह्याड! हा धुरा हाय."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. ज्याचं शेत त्याचा धुरा.

"पांदणीत चाकोरी असते," ती म्हणाली. "इथं बैलगाडीच्या चाकाची एक तरी खूण दिसून राह्यली का?"

दिसत नव्हती. पांदण झाडांनी झाकलेली असते. वरून पाहिलं तर नुसता हिरवा पट्टा दिसतो. वाळल्या गवताचा मोकळा धुरा मात्र वाटेसारखा लख्ख दिसतो. गावांच्या हक्कांवर एवढं लिहिणारी मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या कपाशीतून शेतकरी आला. त्याच्या एका चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता. खिशातून त्यानं माझं पत्रक काढलं. घडी नीट घातलेली.

"पत्रकवाली तूच का? वाच. मोठ्यानं वाच. बायको तिकडं कापूस येचून राह्यली, तिलेबी ऐकू गेलं पाह्यजे."

मी वाचलं. आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"पांदण कोणाच्या बापाची नाई, हे खरं," तो म्हणाला. "पण हा धुरा माह्या बापाचाच हाय. फटफटीवाले इथून गाड्या घालून हरभरा तुडवतेत, म्हणून काटे टाकले. अन् धनदांडगा कोण? मी का?"

कपाशीतून बायकोचा आवाज आला, "तिले इचारा, धन कुठी ठेवलं हाय! मलेबी सांगा म्हणा!"

आत्या हसायला लागली. मग शेतकरीही हसला. मी तेवढी पत्रकाची घडी पुन्हा घालत राहिले.

"चुकलं भाऊ पोट्टीचं," आत्या म्हणाली. "देवळीत वाढली. मी इथलीच, रोहण्याची. माहेरी चालली होती. आता फिरतो परत."

परत. सकाळपासून तिच्या तोंडावर असलेला उजेड त्या एका शब्दात गेला.

"सायकलनं माहेरी?" त्यानं तिच्या बुटांकडे, डब्याकडे पाहिलं. मग काठीनं काटे बाजूला सारले. "गावच्या लेकीले कोण अडवते? जा. पण बसून नाई, सायकल हातात धरून. हरभऱ्यात चाक गेलं नाई पाह्यजे."

मीही सायकल उचलली.

"तू कुठी? तू पांदणीनं ये. तुह्यासाठीच हाय ते, कोणाच्या बापाची नाई."

खरी पांदण एक शेत सोडून होती. तिच्यात बाभळी अशा माजल्या होत्या की बैल काय, मांजरही अडकलं असतं. मी सायकल कधी ओढत, कधी खांद्यावर घेऊन, ओढणी फाडत, ओरखडे मोजायचे सोडून देत अर्ध्या तासानं पलीकडं निघाले. दोन्ही चाकं पंक्चर. आत्या धुऱ्याच्या टोकाला बसून हिरवा हरभरा सोलून खात होती. तिला तो शेतकऱ्याच्या बायकोनं दिला होता.

उरलेली वाट मी पायी चालले आणि ती पुढं जाऊन, माझ्यासाठी थांबून, पुन्हा पुढं जाऊन सायकल चालवत राहिली. काकाच्या दारात तिनं घंटी वाजवली. काका बाहेर आला आणि नेहमीचंच विचारलं, "कोणत्या एस्टीनं आली वं?"

"माह्या," आत्या म्हणाली, आणि डबा त्याच्या हातात दिला. गुडघे दुखत होते, पण तिनं संध्याकाळपर्यंत ते कोणाला सांगितलं नाही.

बदनामी छापून केली, माफीही छापूनच पाहिजे, असं शेतकऱ्यानं बजावलं होतं. ते माझं पहिलं पत्रक ज्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मजकूर त्यानंच तपासला. नंतरचे चार रविवार कुऱ्हाडी घेऊन आम्ही ती पांदण साफ केली. तो, मी आणि आमच्या संघटनेतले दोघं. एका सायकलपुरती वाट निघाली आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आत्या तिच्यावरून आणखी दोनदा आली, बसून, कोणाला न विचारता.

ती दिसली की शेतकऱ्याची बायको कपाशीतून हाक देते, "आली का वं लेक?" मला मात्र अजून "काय वं धनदांडगे" असंच म्हणते.