न मरणारे डास आणि ज्ञानूची नोकरी

"म्याडम, ह्यो मानूस औषध घालतच न्हाई. नुसतं डिझेल उडवतोय!"

ग्रामपंचायतीच्या दारात सुभेदार कडाडले. फौजेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच. समोर आमचा फवारणी कामगार ज्ञानू खांद्याला मशीन अडकवून, मान खाली घालून उभा होता. माझं डोकंच फिरलं, पण नेमकं कुणावर ओरडावं ते कळेना.

मी मूळची साताऱ्याची. तेव्हा सांगलीत कीटकशास्त्रज्ञ होते, म्हणजे सरकारी पगारावर डास पकडणारी बाई. इस्लामपूरकडच्या या गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) डेंग्यूचे पेशंट थांबता थांबत नव्हते. ज्ञानू आठवड्याला फॉगिंग करायचा. फॉगिंग म्हणजे डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून धूर सोडायचा. धूर विरला की डास पुन्हा हजर. शेवटी सुभेदारांनी गावाच्या वतीनं लेखी तक्रार केली. ज्ञानू रोजंदारीवरचा. अठरा वर्षं धूर खाल्लेला माणूस, पण एका ओळीच्या ऑर्डरवर घरी बसला असता.

त्याला बाजूला घेतलं. "ज्ञानूदादा, खरं सांगा, औषध मापानं घालता ना?"

"आवं म्याडम, मी ह्याच गावात ऱ्हातो. माझ्या धाकटीला गेल्या साली डेंगू झाला हुता. मी नुसतं डिझेल उडवीन व्हय?"

त्याचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

ऑफिसातून साहेबांचा फोन. "चौकशी कशाला लांबवताय? माणूस बदला, विषय संपवा."

"सर, आधी डास तपासू द्या. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस? डास मारायचेत की वाढवायचेत?"

"आधी वाढवायचेत सर, मग मारायचेत."

साहेब म्हणाले, "बरं. पण सोळावा दिवस नको."

मी आणि ज्ञानू घरोघर फिरून अळ्या गोळा करू लागलो. बॅरलमधून, फ्रिजमागच्या ट्रेमधून, टायरमधून. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, आणि नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात त्याची काय कमी? सुभेदारही मागोमाग आले. ज्ञानूवर लक्ष ठेवायला, हे उघडच होतं. हातात एक जाडजूड रजिस्टर.

"ह्यो घ्या पुरावा. आमच्या वेटाळात, म्हंजी आमच्या आळीत, डास नसतील असं वाटंल, पण हायती! मी सोता रोज फवारतो, तरीबी हायती. मग ह्याच्या आठवड्याच्या फवारणीत कसलं औषध असनार?"

मी रजिस्टर उघडलं. तीन वर्षांच्या रोजच्या नोंदी. वेळ फौजी पद्धतीनं 'अठराशे तास', म्हणजे संध्याकाळी सहा, गल्ली, वारा कुठून, खाली सही. सुभेदारांच्या नातीला डेंग्यू झाला, दवाखान्यात तिच्या उशाशी बसून यांनी ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. स्वतः मशीन आणलं आणि एकही संध्याकाळ चुकवली नाही. दिवाळीलासुद्धा नोंद होती! मला हसू आलं, आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. पण औषधाचं नाव वाचलं आणि मनात चर्र झालं. ज्ञानूच्या औषधाच्याच कुळातलं होतं ते, डास मारायची रीत तीच.

अळ्या सांगलीला आणल्या. डब्यात वाढवल्या, डास झाले, त्यांना कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी पाजलं. घरी नवरा म्हणाला, "माझ्या चहात साखर कमी आणि तिकडं डासांचे लाड!"

मग परीक्षा घेतली. ठरलेल्या ताकदीचं औषध लावलेला कागद नळीत गुंडाळायचा, आत डास सोडायचे, तासाभरानं साध्या नळीत हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मोजायचे. एका नळीत गावचे डास. दुसरीत आमच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले, औषधाचा वाससुद्धा न घेतलेले.

दुसऱ्या दिवशी पाळलेले सगळे उताणे पडले होते. गावचे बहुतेक मजेत उडत होते.

साहेब म्हणाले, "कागद जुना असेल."

"सर, त्याच गठ्ठ्यातल्या कागदानं शेजारच्या नळीतले मेलेत."

गंमत अशी, की आमच्या डब्यात पंख फुटलेल्या या डासांनी धूर कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे ही ताकद सवयीनं आलेली नाही, आईबापांकडून आलेली. डासाच्या नसेत एक बारीक दार असतं. औषध ते उघडं अडकवून ठेवतं, म्हणून डास तडफडून मरतो. काही डासांच्या जनुकात जन्मतःच थोडा फरक असतो. त्यांच्या दाराला औषध नीट अडकतच नाही. असे डास आधी थोडेच असतात. पण रोज एकाच कुळातला धूर सोडला की बाकीचे मरतात, हेच उरतात, आणि पुढची सगळी पिलावळ यांची. मग गावात विषाणू घेऊन फिरायला तेच मोकळे. घरोघरच्या कॉइल, लिक्विडनंही हातभार लावला असणार. पण तीन वर्षांची रोजची फवारणी नोंदलेलं ते रजिस्टर माझ्या मनातून जात नव्हतं.

सुभेदारांना सांगायला मीच गेले. हे ग्रामसभेत ऐकायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रजिस्टरवर हात फिरवत म्हणाले,

"म्हंजी ज्ञानूनं दुप्पट औषध घातलं असतं, तरी..."

"तरी फारसा उपयोग झाला नसता."

"आन्‌ मी नातीसाठी करत हुतो..."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, सुभेदार. ते आमचं काम होतं." हे मी मनापासून म्हणाले. खरंच होतं ते.

ग्रामसभेत ते सावधान उभे राहिले. "तक्रार माझी. चूक बी माझी. कागद मागं घेतो." मग वळून म्हणाले, "ज्ञानू, गड्या, आता मला ड्यूटी सांग."

ज्ञानू आधी बावरला. मग म्हणाला, "आबा, मशीन बंद करा. आन्‌ पयली तुमच्या परसातली टाकी उपडी करा. सगळ्यात लय अळ्या तितंच घावल्यात."

सभा खो खो हसली. सगळ्यात मोठ्यांदा सुभेदार.

आम्ही दुसऱ्या कुळातलं औषध मागवलं, तेही फक्त पेशंट सापडेल तिथल्यापुरतं. दर गुरुवारी सुभेदार शिट्टी मारत गल्लीगल्लीतून फिरायचे आणि सगळ्यांची भांडी कोरडी करून घ्यायचे. पेशंट हळूहळू कमी झाले. ज्ञानूची रोजंदारी टिकली. कायम मात्र तो कधीच झाला नाही, ते दुखणं वेगळं.

मी शिकले ते एवढंच. औषध लागू पडलं नाही की आपण आधी फवारणाऱ्याची गचांडी धरतो, कारण तो हाताशी असतो. मी आता आधी डासाची झडती घेते. माणसाची घ्यायची वेळ फारशी येत नाही.