बाजरीनंतरचा पहिला डबा

आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं माणूस कोण, असं मला कोणी विचारलं, तर मी पिठाच्या गिरणीतल्या पोरीकडे बोट दाखवीन. ती पाचवीत आहे. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला त्यांची गिरणी. पिठाच्या धुळीनं तिच्या वडिलांना धाप लागते, म्हणून ते आतल्या खोलीत खाटेवर असतात. आई चक्कीपाशी. बाकी सगळी गिरणी ही पोर चालवते. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळभर ती दारात असते. माणसांची नावं ती लक्षात ठेवत नाही, डबे ठेवते. मी तिची निळ्या झाकणाची काकू. एकदा गाडीतून उतरलेले कोणी साहेब रांग सोडून पुढे आले. ती म्हणाली, "साहेब, इथं नंबर डब्याला असतो, माणसाला नसतो." साहेबांनी निमूट डबा मागे नेऊन ठेवला. मी तिच्या जागी असते तर साहेबांना माझाही नंबर देऊन टाकला असता.

धान्यात हात घातला की तिला सगळं कळतं. "मावशी, गहू ओले आहेत. उन्हात घाला, उद्या आणा." आतून वडील ओरडतात, "अगं, आलेलं गिऱ्हाईक घालवतेस का?" "दगडाला लगदा चिकटला तर खरवडायला तुम्ही येणार का, बाबा?" आणि मावशी दुसऱ्या दिवशी खरंच वाळवलेले गहू घेऊन हजर.

पण या थंडीत गिरणी बंद पडायची वेळ आली होती. लोक तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागले होते. सिन्नरहून तिचा चुलता आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "दादा, संक्रांतीपर्यंत बघू. डबे असेच कमी होत राहिले तर चक्की विकून टाकू. जागा मोबाईलवाल्याला देऊ." पोर चाळणी झटकत राहिली.

थंडीत बाजरी फार येते. बाजरी दळून झाली की थोडी दगडात राहते, आणि त्यानंतर जे पहिले गहू पडतात त्यांचं पीठ काळपट निघतं. म्हणून तो नंबर कोणालाच नको. बायका एकमेकींचे डबे पुढे ढकलत. "तुझा घाल." "माझ्याकडे पाहुणे आहेत बाई, तुझाच घाल." भांडून दोघी-तिघी डबे उचलून गेल्या, त्या पिशवीच आणायला. दुसऱ्या दिवशी पोरीनं जाहीर केलं, "बाजरीनंतरचा पहिला डबा आमच्या घरचा." मग रोज तसंच. भांडणं मिटली. गेलेल्या बायका परत आल्या, येताना शेजारणींना घेऊन आल्या.

एका सकाळी ती उभ्या उभ्या चहात पोळी बुडवून खात होती. पोळी राखाडी.

"रोज हेच?" मी विचारलं.

"हळू बोला, काकू. बाबांना सांगितलंय, शाळेत शिकवलं, असं पीठ ताकदीचं असतं म्हणून."

संक्रांतीला चुलता आला. दारातली रांग बघितली, चहा घेतला, तिळगूळ घेतला, आणि विकायचा विषय न काढता परत गेला.

दुसऱ्या दिवशी बाजरी संपली तेव्हा मी माझा डबा पुढे सरकवला. ती म्हणाली, "काकू, तुमचं काळं येईल." मला चार माणसांत बोलता येत नाही. चालेल, अशी मी नुसती मान हलवली. तिनं डबा आईकडे दिला, आणि ओट्यावर जाऊन बसली. एवढ्या दिवसांत मी तिला बसलेली कधी पाहिलीच नव्हती. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.